घाटात कानात कोण असावं? (बाईकवर मॅप, ब्लूटूथ आणि बायको)

गुहागरचा_जावई

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गौरी-गणपतीला पुण्याहून गुहागरला बाईकने जायचं ठरलंय. ताम्हिणीने उतरून माणगाव, महाड, खेड, चिपळूण. गाडी ३५० सीसीची सिंगल सिलिंडर, मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा. गेल्या वर्षी हाच प्रवास केला तेव्हा मॅप बायकोच्या हातात होता. विळ्याच्या फाट्यावर ती ओरडली "निजामपूर!", मला हेल्मेटात ऐकू आलं "निघा पुढं!" मी निघालो पुढं. थेट कोलाडला जाऊन चहा प्यायलो आणि मग हायवेने पुन्हा माणगावपर्यंत खाली आलो. सासरी पोचल्यावर ही गोष्ट अख्ख्या वाडीला सांगण्यात आली.

तर यंदा काहीतरी सोय करायची आहे. डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, हँडलला माउंट लावून फोन समोर ठेवायचा. दोन, हेल्मेटमध्ये ब्लूटूथ स्पीकर बसवून मॅपवाल्या बाईचं ऐकायचं. तीन, दोघांच्या हेल्मेटात इंटरकॉम, म्हणजे चालत्या गाडीवर आपापसात बोलता येईल. बजेट सगळं मिळून सहा हजार. वापरणाऱ्यांनी अनुभव सांगावा. आणि खरं विचारायचंय ते हे, की घाटात कानात काही चालू असणं कितपत बरं? सासरे म्हणतात कान मोकळेच हवेत.

टाकीफुल

मागे बायको बसलेली असताना वेगळं नॅव्हिगेशन कशाला? माझ्याकडे गेली अकरा वर्षं उजव्या बरगडीत एक गुद्दा म्हणजे उजवीकडे, डाव्या बरगडीत म्हणजे डावीकडे, आणि पाठीत म्हणजे "हळू". चार्जिंग लागत नाही, पावसात बंद पडत नाही.

एक_पेठकर

आमच्याकडे हेल्मेटच घालत नाहीत, स्पीकर काय टोपीला लावू?

स्पॅनर

जावईबापू, मी गॅरेजवाला आहे, म्हणून पहिला मुद्दा वायरिंगचा. माउंटबरोबर चार्जरही लागणारच, कारण स्क्रीन चालू ठेवून मॅप लावला की तीन-चार तासांत फोन आडवा होतो. बरेच जण हेडलाइटच्या वायरीला सोलून तिथेच जोड मारतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. असं करू नका. आठवड्याला एक तरी गाडी माझ्याकडे अशी येते. पावसाचं पाणी त्या टेपखाली शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि एक दिवस घाटात अंधारात हेडलाइट डोळा मारायला लागतो. थेट बॅटरीवरून वायर घ्या, मध्ये फ्यूज टाका आणि रिले इग्निशनवर चालेल असा लावून घ्या, म्हणजे गाडी बंद तर चार्जर बंद. नवी गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, मूळ वायर कापलेली दिसली की ते हात वर करतात.

दुसरं म्हणजे थरथर. तुमची सिंगल सिलिंडर आहे. हँडलला फोन घट्ट आवळून ठेवला तर इंजिनाची सगळी थरथर सरळ कॅमेऱ्यात जाते. मागच्या दिवाळीत माझ्या एका गिऱ्हाईकाचा फोन लडाखहून परत आला तो आंधळा होऊनच. फोटो काढायला गेलं की चित्र लाटांसारखं हलायचं आणि आतून बारीक टकटक यायची.

फोटोवाला_विन्या

स्पॅनर यांना +१. हे ऐकीव नाही. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच लेखी सांगितलं होतं की जास्त ताकदीच्या मोटारसायकलींच्या इंजिनाची कंपनं फोन बराच काळ सोसत राहिला तर कॅमेरा बिघडू शकतो. कारण साधं आहे. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आतली लेन्स तरंगती ठेवलेली असते आणि ती सावरायला जायरोस्कोप आणि चुंबकीय सेन्सर असतात. त्या नाजूक तरंगत्या जिवाला तुम्ही तासन्तास चक्कीच्या पाट्यावर बसवता. कुठल्याही कंपनीचा असो, अशी लेन्स असलेल्या फोनला हा धोका आहेच. थरथर शोषणारा रबरी डँपर असलेला माउंट मिळतो, तो घ्या, नाहीतर घरातला जुना, भंगार कॅमेऱ्याचा फोन मॅपसाठी ठेवा. मी दुसरं करतो. पडला तरी रडू येत नाही.

रोजचीच

मी रोज कोथरूड ते हिंजवडी स्कूटरवर. कबुली देते. दोन वर्षं मी फोन स्कार्फमध्ये कानाशी खोचून जायचे. पुण्यात निम्म्या पोरी हेच करतात, उगाच नाही म्हणू नका. एकदा चांदणी चौकाच्या उतारावर मान वळवली आणि फोन स्कार्फमधून घसरून रस्त्यावर. मी काय केलं असेल? ब्रेक मारला. मागच्या टेम्पोवाल्याने जे काही शब्द उच्चारले ते माझ्यासाठीच होते आणि बरोबर होते. त्याचा ब्रेक लागला म्हणून आज टाइप करतेय.

त्यानंतर हेल्मेटात स्पीकर बसवून घेतले आणि फोन डिकीत टाकला. माझं स्पष्ट मत आहे, समोर स्क्रीन नकोच. ती दिसली की डोळा जातोच. मेसेज आला की जातो, बाण फिरला की जातो, काहीच झालं नाही तरी जातो. कानात फक्त वळणं सांगणारी बाई, तीही हळू आवाजात. गाणी नाहीत. फोन आला तर वाजून वाजून बंद होतो.

हिशेबी

रोजचीच ताईंच्या मुद्द्याला आकड्याची जोड देतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. स्क्रीनकडे दोन सेकंद बघितलं की साधारण ३३ मीटर आंधळी गाडी. ताम्हिणीतली कित्येक वळणं त्याच्या आधी संपतात.

पार्सल_आलंय

ताई, तुमचं बरोबर आहे, पण सगळ्यांना डिकीत फोन टाकून चालत नाही. मी डिलिव्हरी करतो. दिवसाला दहा-बारा तास गाडीवर. ऑर्डर पडली की फोन वाजतो आणि ठरावीक सेकंदांत ती घ्यावी लागते, नाही घेतली तर दुसऱ्याकडे जाते. मग पत्ता, मग गेटवरून कस्टमरला फोन, मग ओटीपी. फोन समोरच हवा. तुमच्यासाठी हा हौसेचा विषय आहे, आमच्यासाठी पोटाचा.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन असतो. पिशवीवर पाणी पडलं की बोट एकीकडे लागतं, स्क्रीन दुसरीकडेच उघडते. मे महिन्यात उलटं, उन्हात फोन इतका तापतो की उजेड आपोआप कमी होतो आणि काळ्या काचेत स्वतःचंच तोंड दिसतं.

कानाचं म्हणाल तर मी एकाच कानात वायरवाला इअरफोन घालतो. डाव्या. कारण आपल्याकडे मागून येणारा उजव्या बाजूने ओव्हरटेक करतो, तो कान मोकळा हवा. वायरवाला अशासाठी की पडला तर लटकतो, गटारात जात नाही.

खडकीचा_खडूस

उजव्या बाजूने ओव्हरटेक? भावा, तू नक्की पुण्यातच डिलिव्हरी करतोस ना?

पार्सल_आलंय

हाहा. पीएमटी डावीकडून येते हे मान्य. पण ती ऐकू येत नाही, अंगावर जाणवते.

कर्णधार

पेशाने कानाचा डॉक्टर, शनिवार-रविवार बाईकवर. आयडीवर कोटी आधीच करून झाली आहे, परत नको.

एका कानात घालण्याची युक्ती मी पेशंटांकडूनही ऐकतो. ती जितकी सुरक्षित वाटते तितकी नाही. आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांमधल्या फरकावरून कळतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. मेंदू त्या सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही छोट्या फरकावरून दिशा काढतो. एका कानात बोळा घातला की हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. म्हणजे दचकायची सोय झाली, सावरायची नाही. खात्री करायची असेल तर घरात डोळे मिटून, एक कान दाबून बसा आणि कुणालातरी खोलीत फिरत टाळ्या वाजवायला सांगा. बोट दाखवाल ते कपाटाकडे.

आता वाऱ्याचं. साठ-सत्तरच्या पुढे हेल्मेटात जो घोंगावा असतो तो इंजिनाचा नसतो, बहुतेक वाऱ्याचा असतो. शंभरच्या वेगाला तो नव्वद डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबल आठ तास, हा कानाला सोसवणारा हिशेब धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. त्यावर गाणं ऐकू यावं म्हणून तुम्ही आवाज अजून वाढवता. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर कानात शिट्टी वाजते ना, ती कानाची तक्रार असते. रोजची झाली तर पुढे ती कधी थांबतच नाही.

म्हणून विचित्र वाटेल पण लांबच्या हायवेला मी फोमचे इअरप्लग घालतो आणि वर हेल्मेटातला स्पीकर. प्लग वाऱ्याचा घोंगावा खाली आणतो, बाईचं बोलणं कमी आवाजातही स्पष्ट येतं, हॉर्नही ऐकू येतो कारण त्याच्यावर पसरलेला गोंगाट उतरलेला असतो. घाटात वेग तीस-चाळीस, तिथे वारा नाही. तिथे प्लगही काढतो आणि स्पीकरही बंद. सासरे बरोबर बोलतात, पण घाटापुरतं.

टाकीफुल

डॉक्टर, बरगडीतल्या गुद्द्याची दिशा एका कानानेही कळते, नोंद घ्यावी.

माधवकाका

मी १९७९ पासून मोटारसायकल चालवतो. आधी येझदी, आता मुलाने घेऊन दिलेली. तेव्हा आमचं नॅव्हिगेशन म्हणजे पोस्टकार्डाच्या मागे लिहिलेली गावांची नावं आणि टाकीवर चिकटपट्टीने लावलेलं ते कार्ड. "उंब्रज – पाटण – कोयनानगर – कुंभार्ली – चिपळूण." पाऊस आला की शाई ओघळून पाटणचं पाणी चिपळुणात. पण एक होतं, कार्ड लिहिताना रस्ता डोक्यात उतरायचा.

रस्त्याकडेचे मैलाचे दगड वाचायला शिका, हे आजच्या मुलांना सांगतो. पिवळं डोकं असलं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं तर राज्य महामार्ग, नारिंगी असलं तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. हिरव्या दगडावरून चालता चालता एकदम नारिंगी दिसला की समजायचं, बाईने तुम्हाला कुणाच्यातरी काजूच्या बागेत घातलंय.

आणि विचारा हो माणसांना. पानटपरीवर गाडी उभी करून विचारलं की रस्ता कळतो आणि पुढे दरड पडली आहे का तेही कळतं.

अनाहूत

काका, विचारलं होतं. भोरच्या पुढे एकाने सांगितलं, "सरळ जावा, म्हसरांचा गोठा लागंल, तिथनं वळा." गोठे सात लागले.

माधवकाका

ज्या गोठ्यात म्हसरं होती तिथनं वळायचं.

बोरघाटी

वाट विचारण्यावरून आठवलं. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. पुण्या-मुंबईच्या बाईकवाल्यांना माहीत असेल, एक्सप्रेसवे आपल्याला बंद असल्याने आपण तिकडूनच चढतो-उतरतो. आख्यायिका अशी की इंग्रजांना रेल्वेसाठी घाटातून वाट सापडेना, ती या शिंग्रोबा धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. आपल्याकडचा पहिला नॅव्हिगेटर. मी तिथे दोन मिनिटं थांबतो. एक रुपया टाकतो आणि फोनचा माउंट घट्ट आहे का ते बघतो.

नवी_मुंबईकर

एक्सप्रेसवेचा विषय निघालाच आहे तर जावईबापू, मॅपमध्ये आधी बाईकचं चिन्ह निवडलंय का ते बघा. गूगलने टू-व्हीलर मोड आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये आणला, आणि कित्येक जणांचा मॅप अजून कारवरच असतो. कार मोडमध्ये बाईला वाटतं तुम्ही चारचाकी आहात. मग ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, सी लिंक, अटल सेतू, कोस्टल रोड असं सगळं दाखवते आणि दुचाकीला हे सगळं बंद. मी स्वतः कळंबोलीला तिच्या नादाने चुकीच्या लेनमध्ये घुसलो होतो. टोलच्या आधी कडेला गाडी लावून, मागे वळायलाही जागा नाही आणि पुढे जायलाही परवानगी नाही, अशा अवस्थेत बाई शांतपणे म्हणत होती, "याच रस्त्यावर पुढे जात राहा."

मराठी आवाज लावलाय मी. गावांची नावं बरी घेते. पण गल्ल्यांची घेते तेव्हा वाटतं, बाई बाहेरगावच्या आहेत.

दुर्गवेडा

ताम्हिणीत रेंज जाते त्याचं काय, हे कुणी विचारलंच नाही. बरेच जण समजतात रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नाही. जागा उपग्रह सांगतात, त्याला सिमकार्डाचा संबंध नाही. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. गूगलमध्ये होतं. ट्रेकला मी ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही नकाशाची ॲप वापरतो, त्यात पायवाटासुद्धा असतात. फक्त त्या पायवाटांवर बाईक घालू नका, एका मित्राची गाडी आम्ही चौघांनी उचलून आणली आहे.

कशेडीच्या बोगद्यात मात्र उपग्रहही दिसत नाहीत. आत शिरल्यावर बाण जागीच थिजतो. घाबरू नका, बोगद्याला फाटे नसतात.

मेशमेंबर

इंटरकॉमबद्दल लिहितो, कारण आमचा बारा जणांचा ग्रुप आहे आणि निम्म्यांकडे सेट आहेत. साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये साखळी असते. अ चा ब शी, ब चा क शी. मधला ब पेट्रोलला थांबला की साखळी तुटली, पुढचे आणि मागचे एकमेकांना मुके. मेश असलेल्या सेटमध्ये तसं होत नाही. एक जण गळाला तरी बाकीचे आपोआप जुळून घेतात. कार्डो आणि सेना या कंपन्यांचे मेश सेट चांगले आहेत, पण तुमच्या सहा हजारांत त्यांचा डबाही येणार नाही. तुम्ही दोघंच, तेही एकाच गाडीवर. अंतर किती, एक फूट! साधा ब्लूटूथ जोडसेट पुष्कळ झाला.

ग्रुपमध्ये याचा खरा उपयोग गप्पांना नाही. पुढच्याने "टँकर येतोय, आत राहा" किंवा "वाळू आहे" इतकं म्हटलं तरी पैसे वसूल. सुरुवातीला आम्ही बारा जण एकदम बोलायचो, त्यात एक जण सतत जांभया द्यायचा. आता नियम आहे, घाटात फक्त पहिला आणि शेवटचा बोलणार. तो जांभयावाला चिडून मेश सोडून गेला.

हेल्मेटचा_हट्ट

स्पीकर बसवताना एक चूक टाळा. स्पीकर बरोबर कानाच्या भोकासमोर यायला हवा. एक इंच खाली बसला तर पूर्ण आवाजातही ऐकू येत नाही आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. खिसा नसेल तर दुकानदार आतलं थर्माकोल सुरीने खरवडून जागा करून देतो. करू देऊ नका! पडल्यावर डोकं वाचवणारी वस्तू तीच आहे, बाहेरचं चकचकीत कवच नाही. आयएसआयचा शिक्का ज्या हेल्मेटला मिळाला ते हेल्मेट खरवडल्यावर उरलेलं नसतं. कानाला दाबणारा स्पीकर तासाभरात पाळी लाल करतो, म्हणून पातळ स्पीकर घ्या.

कायद्याचं_बोला

कुणीतरी विचारणारच होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगबद्दल आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून चालवताना हातात धरायची संपर्काची उपकरणं वापरणं त्यात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड एक हजार ते पाच हजार, शिवाय कैदेचीही तरतूद. मात्र केंद्रीय नियमांत बदल होऊन ऑक्टोबर २०२० पासून एक सूट आहे. असं उपकरण फक्त रस्ता बघायला वापरता येईल, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे माउंटवरचा मॅप चालेल, माउंटवरची क्रिकेट मॅच नाही.

सॅनहोजेचा_सदा

इथे कॅलिफोर्नियात गंमत वेगळी आहे. दोन्ही कान झाकणारा हेडसेट किंवा दोन्ही कानांत इअरफोन घालून गाडी चालवायला बंदी, एका कानात चालतो. फ्रान्समध्ये २०१५ पासून इअरफोन एका कानातही नको, पण हेल्मेटात बसवलेला इंटरकॉम चालतो. कर्णधार यांचा प्रतिसाद वाचल्यावर मला फ्रेंचांचं जास्त पटतंय, हे इथे राहून म्हणायला जड जातं. आमच्या हायवेवर हॉर्न महिन्यातून एकदा ऐकू येतो आणि तो कुणीतरी रागावलंय म्हणून. तिकडे हॉर्न म्हणजे "मी आहे". हा फरक घाटात फार मोठा आहे. पुण्याला आलो की पहिले दोन दिवस मला वाटतं सगळे माझ्यावर चिडलेत.

एक_पेठकर

तिसऱ्या दिवशी खात्री पटत असेल.

नवा_भिडू

टीएफटी डिस्प्लेवाल्या, म्हणजे मीटरजवळच छोटी रंगीत स्क्रीन असलेल्या, गाड्या कुणी वापरतं का? एन्फिल्डच्या मिटिऑरला २०२० मध्ये ती छोटी गोल ट्रिपर तबकडी आली. नुसता बाण आणि अंतर, बाकी काही नाही. माझ्याकडे आहे. सुरुवातीला वाटलं एवढ्याशा तबकडीला काय बघायचं. आता वाटतं एवढंच हवं. नकाशा दिसला की माणूस नकाशात फिरतो, बाण दिसला की फक्त वळतो. फोन खिशात. अर्थात फोनचं ब्लूटूथ रुसलं की तबकडी घड्याळ होते.

स्पॅनर

नवा भिडू, पटलं. जावईबापू, या धाग्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर कधीच येऊन गेलंय, तुम्ही कुठे आहात? धागाकर्ता घाटात हरवला काय?

टाकीफुल

कोलाडला चहा पीत असेल.

गुहागरचा_जावई

आलो, आलो. परत येऊन चार दिवस झाले, गणपतीचे मोदक उतरायला वेळ लागला.

सगळ्यांचं वाचूनच खरेदी केली. साधा दोघांचा इंटरकॉम घेतला. माउंट घेतला नाही, रोजचीच ताईंचं पटलं. मॅप बायकोच्या हातात, आवाज माझ्या कानात. थर्माकोलला हात लावू दिला नाही, दुकानदार दोनदा सुरी घेऊन आला होता. ऑफलाइन नकाशा उतरवला, मोड बाईकचा केला.

ताम्हिणीत शिरताना धुकं इतकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा एवढाच रस्ता. डॉक्टर, तिथे मी तुमचं ऐकून सेट बंद केला. एका वळणावर मला काहीच दिसत नव्हतं. फक्त उजवीकडून वरून एसटीचा तो लांब, घोगरा हॉर्न आला आणि त्यानंतर इंजिनाची घरघर खाली येताना ऐकू आली. मी डावीकडे अगदी कठड्याला धरून उभा राहिलो. लालपरी धुक्यातून बाहेर आली ती अर्ध्याहून जास्त माझ्या बाजूने, ड्रायव्हरने हात वर केला आणि गेली. कानात बाई बोलत असती तर मी थांबलो असतो का, माहीत नाही. काचेवरचं पाणी पुसायचा हात थोडा वेळ थरथरत होता.

विळ्याच्या फाट्याच्या आधी सेट पुन्हा चालू केला. बायको कानात अगदी हळू म्हणाली, "निजामपूर." लग्नाला सहा वर्षं झाली, इतक्या हळू ती पहिल्यांदा बोलली असेल. वळलो. माणगावला वेळेत चहा.

सासऱ्यांना हे सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि माझं हेल्मेट घेऊन कानाला लावून बसले. अर्धा तास.

कर्णधार

सेट बंद करून वाचलात यापेक्षा कठड्याला धरून उभे राहिलात हे महत्त्वाचं. बाकी उत्तम.

माधवकाका

पुढच्या वेळी कुंभार्लीने या. पाटणला आमच्याकडे चहा.

गुहागरची_लेक

नमस्कार. मी वरच्या आयडीची बायको. आत्ताच खातं उघडलं, कारण एक गोष्ट सोयीस्करपणे लिहायची राहिली आहे. माणगावनंतर साहेब गात होते. इंटरकॉमला माइकही असतो आणि तो चालू असतो हे त्यांना पोलादपूरपर्यंत माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

टाकीफुल

वहिनी, पोलादपूरला कसं कळलं?

गुहागरची_लेक

कडवं चुकलं, ते मी सांगितलं.